बिल्टी

पीथमपूरच्या तिसऱ्या सेक्टरात आमची गोळ्यांची फॅक्टरी.
रक्तदाबाच्या. पांढऱ्या, मधोमध एक रेघ.
त्यांची बिल्टी मी करतो, सत्तावीस वर्षं.
उतरायचं बंदर : थेसालोनिकी.
पोचायचं गाव : स्कोपिये.
मध्ये एक सरहद्द, कारण त्या देशाला समुद्र नाही.

पहिल्यांदा कळलं तेव्हा हसू आलं,
अरे, आपल्या इंदूरसारखेच की!
आमचा डबाही टीहीच्या यार्डातून निघतो,
मुंद्र्याला खारा वारा खातो,
महिनाभर पाण्यावर काढून
भलत्याच्याच धक्क्यावर उतरतो.
दोन्ही टोकं कोरडी. समुद्र तेवढा उसना.

तिकडे माल मोजून घेते ल्युपका.
माझ्याच वयाची असावी, गुडघ्यांबद्दल लिहिते.
तिचं इंग्रजी माझ्यासारखंच, काळ चुकवत चालणारं.
एकदा लिहिलं तिनं : आमच्याकडे एक तळं आहे,
इतकं खोल की माझी आजी त्याला समुद्र म्हणे.
मी कळवलं, हातोदजवळ आमचं धरण आहे,
त्याचं नाव यशवंत सागर.
पाणी कमी पडलं की माणूस नावात भरून घेतो.

मग दोन हजार एकोणीस. मेल आला :
कागद बदला. देशाच्या नावाआधी आता ‘उत्तर’ लिहायचं,
शेजाऱ्याची तशी अट आहे.
बाफनासाहेब चष्मा वर करून म्हणाले,
‘उत्तर? सवाल क्या था, भिया?’
मला वडिलांचं सेवापुस्तक आठवलं.
पहिल्या पानावर होळकर सरकारचा शिक्का,
पुढे मध्य भारत,
त्याच्यापुढे मध्य प्रदेश.
खुर्ची तीच, दौत तीच, सायर नाक्याचं छप्पर गळतं तेही तेच.
आम्हाला मध्य लागला, त्यांना उत्तर.
जुना रबरी शिक्का मी टाकला नाही. खणात आहे.

सप्टेंबरात ती फोटो पाठवते.
गोदामामागे तांबड्या मिरच्यांच्या राशी,
पत्र्यावर भाजणं, धूर, सोललेल्या सालींचा चिखल.
शेजारी अर्बेन, तो अल्बेनियन, लाकडं सारतोय.
बरण्यांवर दोन लिप्यांत चिठ्ठ्या,
एक तिची, एक त्याची, आत चव एकच.
मी बेडियाचा मिरचीबाजार पाठवला.
ती विचारते, याला आग लागलीय का?

एवढ्या बरण्या कुणाला?
सहा उल्मला, मुलगा तिथे बस चालवतो.
बारा झुरिकला.
गावात घरं ऐंशी, रात्री दिवे अकरा.
ऑगस्टात सगळी दारं उघडतात,
परक्या नंबरच्या गाड्या, पाठोपाठ लग्नं,
आणि सुट्टी सरली की पुन्हा कुलपं.
या जाण्याला आमच्याकडे जुना शब्द आहे, ती म्हणाली : पेचाल्बा.
कमवायला परमुलखात, परतायच्या बोलीवर.

आपला शब्द कोणता, मी दिवसभर शोधत राहिलो.
जेवणाच्या सुट्टीत डबा उघडला आणि थांबलो.
कुणीतरी कधी तरी घोड्यांच्या मागे पायी
नर्मदा ओलांडून माळव्यात आलं होतं,
चार पैसे गाठीला बांधून परतायच्या बोलीवर.
परतायचं तेवढं राहून गेलं.
माझी ऋचा जूनमध्ये पुण्याला नोकरीला लागली.
फोनवर म्हणते, बाबा,
इथे माझं मराठी ऐकून लोक विचारतात,
तू मूळची कुठली?

गेल्या महिन्यात परतीच्या सॅम्पलच्या खोक्यात
एक बरणी निघाली, झाकणाशी थोडी पाझरलेली.
पॅकिंग लिस्टला धुराचा वास.
ऑफिसातल्या पोह्यांवर सगळ्यांना चमचा चमचा वाढलं.
गोडूस. मागून किंचित जळकं.
कुणी काही बोललं नाही.
बाफनासाहेबांनी बोट चाटलं, डोळे मिटले, मग निकाल दिला :
‘बढ़िया है. बस, सेव की कमी है.’
ते मी ल्युपकाला कळवलंय.
शेव म्हणजे काय, हे समजावण्यात
आजची अख्खी दुपार गेली.